बॅटरी ग्रिप कंपनीची की थर्ड-पार्टी? ठरवण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे कॅनन आर६ मार्क २ आहे. रंगमंचावरचे कार्यक्रम आणि पोर्ट्रेट काढता, अधूनमधून पैसे घेऊन कामं करता आणि सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांच्या मागे जाता. उभी फ्रेम धरून धरून मनगट दुखायला लागलंय, म्हणून ग्रिप, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला जोडायचा बॅटऱ्या आणि बटनं असलेला भाग, घ्यायची आहे. कॅनन कंपनीची स्वतःची ग्रिप, बीजी-आर१०, ही थर्ड-पार्टी (म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या) ग्रिपच्या कित्येक पट महाग आहे आणि फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. मग हे नुसते नावाचे पैसे आहेत का, आणि स्वस्त ग्रिप लावली तर कॅमेरा बिघडतो का, असं तुम्ही विचारलंय.

मी दोन्ही प्रकारच्या ग्रिप कामासाठी वापरल्या आहेत, आजही वापरतो. त्यामुळे ‘कंपनीचीच घ्या’ किंवा ‘सगळ्या सारख्याच’ असं एका वाक्यात सांगणार नाही. काही पैसे नावाचे असतात हे खरं. पण बाकीचे पैसे ज्या जागी लागतात त्या जागा दुकानातल्या फोटोत दिसत नाहीत. विजेचे संपर्क, बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) आणि ग्रिपमधला सांधा, आणि पाणी-धूळ अडवणारं रबर, या त्या जागा. तुमच्या कामात या तिन्हींवर किती ताण येतो, यावर उत्तर अवलंबून आहे.

आधी ग्रिप कशासाठी हवी ते पक्कं करू, कारण यात खूप जणांचे पैसे वाया जातात. ग्रिपचे फायदे दोन: उभ्या फ्रेमसाठी वेगळं शटर बटन आणि डायल, आणि दोन बॅटऱ्यांची सोय. नुसती दुसरी बॅटरी हवी असेल तर खिशात एक ओरिजिनल बॅटरी ठेवणं हा सगळ्यात हलका आणि भरवशाचा उपाय आहे. बदलायला काही सेकंद लागतात. अलीकडचे बरेच मिररलेस (तुमच्यासारखे, आत आरसा नसलेले) कॅमेरे यूएसबी पॉवर डिलिव्हरी (यूएसबीतून जास्त वीज देणारी सोय) असलेल्या पॉवर बँकेवरही चालतात, त्यामुळे एका जागी बसून लांबलचक व्हिडिओ घ्यायचा असेल तर ग्रिपपेक्षा ती सोय बरी. आणि कॅमेरा हातात छोटा वाटतो, करंगळी खाली लोंबते एवढीच तक्रार असेल, तर काही मॉडेलना तळाला जोडायची साधी एक्स्टेन्शन ग्रिप मिळते. तिच्यात वीज नाही, बटनं नाहीत, म्हणून बिघडण्यासारखंही फारसं काही नाही.

तुमची गरज यातली नाही. उभी फ्रेम धरताना उजवं कोपर हवेत वर जातं आणि कॅमेऱ्याचं सगळं वजन वाकलेल्या मनगटावर येतं. ग्रिप लावली की कोपर छातीशी राहतं. तासभर नृत्याचे फोटो काढताना हा फरक फार मोठा असतो, शिवाय शटर दाबताना हात कमी हलतो. तेव्हा तुम्हाला ग्रिप हवीच आहे, आणि तीही चांगल्या बटनांची. एक मात्र आधीच सांगतो: बहुतेक ग्रिप बॅटरीसकट तीनशे ते पाचशे ग्रॅमची भर घालतात. कोपर सुटतं, पण खांद्यावर ते वजन येतं. शक्य असेल तर कुणाची तरी ग्रिप एक दिवस वापरून बघा.

‘ग्रिप लावली की कॅमेरा वेगाने फोटो काढतो’ ही समजूत अजून फिरते. ती काही ठरावीक कॅमेऱ्यांपुरती खरी होती. २००८ च्या निकॉन डी७०० चा वेग सेकंदाला ५ फ्रेमचा (म्हणजे ५ फोटोंचा) होता. एमबी-डी१० ग्रिपमध्ये ईएन-ईएल४ए ही मोठी बॅटरी घातली की तो ८ वर जायचा. २०१७ च्या डी८५० ला एमबी-डी१८ आणि ईएन-ईएल१८ जातीची बॅटरी लावली की ७ चे ९ व्हायचे. फुजीफिल्म एक्स-टी२ ची ग्रिप बूस्टवर (जास्त वेगाच्या स्थितीवर) ठेवली की मेकॅनिकल शटरला (पडदा प्रत्यक्ष हलवणाऱ्या शटरला) ८ च्या जागी ११ फ्रेम मिळायच्या. निकॉनच्या त्या मोठ्या बॅटऱ्यांचा व्होल्टेजच जास्त होता, आणि त्या ग्रिपमध्ये बसवायला वेगळं झाकण लागायचं. तुमच्या कॅमेऱ्यात बीजी-आर१० लावून असा वेग वाढत नाही. उलट एक गोष्ट सांभाळावी लागेल: या पिढीच्या कॅननमध्ये मेकॅनिकल शटरचा सर्वाधिक वेग मिळायला बॅटरी एलपी-ई६एनएच हवी आणि तिच्यात पुरेसा चार्ज हवा. जुनी एलपी-ई६ बसते, कॅमेरा चालतोही, पण वेग कमी होऊ शकतो. म्हणून ग्रिपमध्ये एक नवी आणि एक जुनी अशी जोडी लावू नका.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ग्रिप दोन पद्धतीने जोडली जाते. निकॉनच्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांमध्ये) बॉडीच्या तळाला रबरी टोपणाखाली संपर्क असतात, ग्रिप तिथे टेकते आणि कॅमेऱ्यातली बॅटरी कॅमेऱ्यातच राहते. कॅनन आणि सोनीच्या बहुतेक ग्रिपना वर एक उंच खांब असतो. कॅमेऱ्याच्या बॅटरीचं दार काढून तो खांब बॅटरीच्या खोबणीत घालायचा आणि ग्रिपवरचं चाक फिरवून ट्रायपॉडच्या पाव इंची स्क्रूने ती आवळायची. तुमच्याकडे ही दुसरी पद्धत आहे. म्हणजे कॅमेऱ्याला मिळणारी सगळी वीज ग्रिपमधूनच येते: आधी बॅटरी ते ट्रे, मग ट्रे ते ग्रिप, मग खांबाच्या टोकाची पट्टी ते कॅमेरा. ग्रिप नसताना असा एकच सांधा होता, आता तीन झाले. पहिल्या पद्धतीत ग्रिपने दगा दिला तर आतल्या बॅटरीचा निदान आधार असतो. तुमच्याकडे तो नाही, म्हणून तुम्ही जास्त काटेकोर राहायला हवं.

या सांध्यांचं महत्त्व एका हिशोबाने कळेल. कॅमेरा नुसता चालू असतो तेव्हा कमी करंट ओढतो. पण शटर आणि मोठ्या लेन्सची फोकस मोटर एकदम कामाला लागली की करंट क्षणभर उसळतो. समजा त्या क्षणी २ अँपिअर लागले आणि सैल किंवा काळवंडलेल्या संपर्काचा रोध ०.३ ओहम असेल, तर त्या एका सांध्यावरच ०.६ व्होल्ट गळाले. बॅटरी ७.२ व्होल्टची. ती थोडी उतरलेली असेल तर कॅमेऱ्याला वाटतं बॅटरी संपली, आणि तो बंद होतो. स्क्रीन डोळा मिटल्यासारखी एकदम काळी होते, मग परत उजळते आणि बॅटरी ७० टक्के दाखवते. बर्स्टमधले (बटन दाबून धरून सलग काढलेले) फोटो तेव्हा बफरमधून (कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या साठ्यातून) कार्डावर जात असतील तर ते हातचे जातात. लिहिणं अर्धवट तुटल्याने कार्डावरची फाइल बिघडायचीही शक्यता असते.

हा प्रकार मी थर्ड-पार्टी ग्रिपमध्ये पाहिला आहे, आणि तो नव्या कोऱ्या ग्रिपमध्ये सहसा दिसत नाही. पहिले काही महिने सगळं छान चालतं. मग ट्रेमधल्या पत्र्याच्या स्प्रिंगचा ताण उतरतो किंवा पातळ मुलामा झिजतो, आणि थंडीत किंवा जोरात हललं की कॅमेरा बंद पडायला लागतो. माझ्या एका सहकाऱ्याच्या ग्रिपमध्ये ट्रे हाताने आत दाबून धरला की कॅमेरा चालायचा, सोडला की बंद. बाकी ग्रिप नव्यासारखी होती, बटनं उत्तम. ट्रे उघडून पाहिला तर चार पट्ट्यांपैकी एक बाकीच्यांपेक्षा किंचित खाली बसलेली होती. फरक केसाएवढा असेल, पण तेवढा पुरला.

म्हणून ‘कॅमेरा बिघडतो का’ याचं उत्तर असं: कॅमेरा जळून जाण्याची भीती अवास्तव आहे. ग्रिपमधलं बरंचसं काम स्विच, डायल आणि तारा यांचंच असतं. पण ऐन कामात कॅमेरा बंद पडण्याचा धोका खरा आहे. ज्याला तो क्षण पुन्हा मिळू शकतो, त्याच्यासाठी ही कटकट आहे. ज्याला मिळणार नाही, त्याच्यासाठी ते नुकसान आहे. वॉरंटीच्या कागदात दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅक्सेसरीमुळे झालेल्या बिघाडाबद्दल बहुधा अट लिहिलेली असते. तुमचा कॅमेरा वॉरंटीत असेल तर ती आधी वाचून घ्या.

इथेच एक गोंधळ दूर करतो. लोक थर्ड-पार्टी ग्रिप आणि थर्ड-पार्टी बॅटरी या दोन्हींना एकाच तराजूत तोलतात. त्यात खूप अंतर आहे. ग्रिप म्हणजे डबा, संपर्क आणि बटनं. बॅटरी म्हणजे लिथियमचे सेल आणि त्यांना जपणारं सर्किट. ती फुगली तर ग्रिपच्या ट्रेमध्ये किंवा कॅमेऱ्याच्या खोबणीत अडकून बसते आणि काढताना नुकसान होतं. स्वस्त ग्रिपसोबत बऱ्याचदा दोन बॅटऱ्या फुकट येतात आणि तेच तिचं आकर्षण असतं. माझा सल्ला: ग्रिप स्वस्त घ्यायची तर घ्या, पण तिच्यात बॅटऱ्या ओरिजिनलच घाला. थर्ड-पार्टी ग्रिप आणि कंपनीच्या दोन बॅटऱ्या ही जोडी मी डोळे झाकून वापरेन असं नाही, पण चाचणी करून नक्की वापरेन. याच्या उलट, कंपनीची ग्रिप घेऊन तिच्यात अनोळखी बॅटऱ्या घालणाऱ्यांनी पैसे चुकीच्या जागी घातले, असं मला वाटतं.

दुसरी जागा म्हणजे बॉडी आणि ग्रिपमधला सांधा. सगळं वजन एका स्क्रूवर असतं आणि ग्रिप फिरू नये म्हणून खांबाचा किंवा छोट्या खुंट्यांचा आधार असतो. चांगल्या ग्रिपची वरची कड बॉडीच्या तळाला सगळीकडून सारखी टेकते. स्वस्त ग्रिपमध्ये पुष्कळदा मधे घट्ट आणि कडेला फट असते. हातात धरून फोटो काढताना एवढ्याने काही बिघडत नाही. ट्रायपॉडवर आणि पट्ट्यावर मात्र बिघडतं.

ट्रायपॉडवर ग्रिप लावून दीर्घ एक्स्पोजर (शटर बराच वेळ उघडं ठेवून फोटो) करणार असाल तर कुठलीही ग्रिप, अगदी कंपनीचीही, थोडी लवचीकता आणतेच. मी अशा कामाला ग्रिप काढून ठेवतो. पक्ष्यांसाठी लांब टेलिफोटो वापरत असाल तर लेन्सच्या पायावर (लेन्सलाच असलेल्या ट्रायपॉडच्या जोडणीवर) ट्रायपॉड लागतो, बॉडी नुसती मागे जोडलेली असते, तेव्हा हा प्रश्न फारसा येत नाही. एल-ब्रॅकेट (कॅमेरा ट्रायपॉडवर आडवा-उभा बसवायची एल आकाराची पट्टी) वापरत असाल तर लक्षात ठेवा, ते मॉडेलच्या मापाने बनतं आणि ते माप कंपनीच्या ग्रिपचं धरलेलं असतं. थर्ड-पार्टी ग्रिपचा आकार दोन मिलिमीटर इकडेतिकडे असला तरी ब्रॅकेट बसत नाही किंवा बॅटरीचा ट्रे बाहेर येत नाही.

पट्ट्याबद्दल मी जरा आग्रहाने सांगतो. तिरका स्लिंग पट्टा घेऊन कॅमेरा कमरेशी उलटा लटकवायची पद्धत आता सर्रास झाली आहे. ग्रिप लावली की लोक तो पट्टा ग्रिपच्या तळाच्या स्क्रूला अडकवतात. म्हणजे बॉडी आणि लेन्स मिळून दोन-अडीच किलो वजन ग्रिपच्या सांध्याला लोंबतं, तेही प्रत्येक पावलाला झोका देत. ग्रिपचा तळ प्लास्टिकचा असेल आणि स्क्रूची आटी त्यात नुसती दाबून बसवलेली असेल, तर ती हळूहळू सुटत येते. वरचं चाकही चालताना थोडंथोडं सैल होतं. थर्ड-पार्टी ग्रिपला मी असा पट्टा कधीच लावू देत नाही. कंपनीच्या ग्रिपलाही लावायचा असेल तर बॉडीच्या कडीला सुरक्षेची दोरी अडकवा आणि मधल्या वेळेत चाक आवळून बघायची सवय लावा. त्याहून बरं म्हणजे बॉडीच्या कड्यांचा नेहमीचा पट्टा, आणि जड लेन्स असेल तर लेन्सच्या पायाला पट्टा.

तिसरी गोष्ट पाणी आणि धूळ. ग्रिप लावताना तुम्ही बॅटरीचं दार काढता, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाचं एक सील काढून टाकता. त्याची जागा ग्रिपने भरायची असते. कंपनीच्या वरच्या दर्जाच्या ग्रिपमध्ये धूळ आणि शिंतोडे अडवायची सोय केलेली असते. बऱ्याच स्वस्त ग्रिपमध्ये ती नसते किंवा नावापुरती असते. हे डोळ्यांनी तपासता येतं: खांबाच्या बुडाशी आणि ट्रेच्या दाराच्या कडेने मऊ रबराची सलग पट्टी आहे का बघा. रंगमंच बंदिस्त असेल तर ही गोष्ट गौण आहे. पहाटेचं दव, रिमझिम पाऊस, किनाऱ्यावरची खारट हवा किंवा धुळीची पायवाट यात पक्षी टिपत असाल तर ती गौण नाही. अशा दिवशी थर्ड-पार्टी ग्रिप सरळ काढून ठेवून कॅमेऱ्याला त्याचं मूळ दार लावणं शहाणपणाचं.

ते मूळ दार मात्र सांभाळा. कॅननच्या बऱ्याच ग्रिपमध्ये काढलेलं दार ठेवायला खास खाच केलेली असते. स्वस्त ग्रिपमध्ये ती असतेच असं नाही, आणि लोक दार बॅगेच्या कुठल्यातरी कप्प्यात टाकतात. वर्षाने ग्रिप काढायची वेळ आली की शोधाशोध होते.

बटनांबद्दल थोडं. तुमच्या कामात अर्धं दाबून फोकस आणि पूर्ण दाबून फोटो, ही पायरी बोटाला स्पष्ट कळायला हवी. स्वस्त ग्रिपमध्ये ती पायरी पुष्कळदा अंधुक असते. बोट टेकवलं की थेट फोटो निघतो, किंवा जोर लावावा लागतो आणि कॅमेरा हलतो. सायलेंट शटर वापरत असाल तर चुकून निघालेल्या फोटोंचा पत्ताही लागत नाही. डायल एका खटक्याला दोन पायऱ्या उडी मारतो का, जॉयस्टिक अंगठ्याखाली येते की अंगठा ताणावा लागतो, एएफ-ऑन (फोकस करायचं) बटन बॉडीवरच्यासारख्याच जागी आहे का, हे बघा. आडव्या फ्रेममधून उभ्यात जाताना बोटांनी नव्याने शोधायला लागू नये, ग्रिपचं अर्धं काम तेच आहे. आणि ग्रिपच्या बटनांसाठी वेगळा चालू-बंद स्विच असावाच. तो नसेल तर आडवं धरताना तळहात शटर दाबतो.

थर्ड-पार्टी ग्रिपची बाजूही मांडायला हवी, कारण काही ठिकाणी दुसरा पर्यायच नाही. निकॉन डी७५०० आणि डी७८० यांना कंपनीने ग्रिप दिलीच नाही, तळाला संपर्कही ठेवले नाहीत. डी३००० आणि डी५००० मालिकांचीही तीच गत. तिथे थर्ड-पार्टी ग्रिप बॅटरीच्या खोबणीतून वीज देतात आणि शटरसाठी एक छोटी केबल कॅमेऱ्याच्या रिमोटच्या पोर्टमध्ये खोचतात. शटर चालतं, पण डायल बहुधा नसतो किंवा चालत नाही, आणि केबल बाजूला लोंबत राहते. काही वेळा कंपनीच्या ग्रिपमध्येच उणीव असते. निकॉन झेड६ आणि झेड७ साठी आलेल्या एमबी-एन१० वर उभ्या फ्रेमचं शटर बटनच नव्हतं, फक्त बॅटऱ्या. ते बटन पुढच्या एमबी-एन११ वर आलं. थर्ड-पार्टीमध्ये मेइके, नीवर अशी नावं बरीच वर्षं आहेत आणि काही मॉडेलमध्ये रिमोटसारख्या जास्तीच्या सोयीही मिळतात. पण एकाच नावाखालच्या दोन मॉडेलांचा दर्जा सारखा असेलच असं नाही, म्हणून तुमच्याच कॅमेऱ्याच्या ग्रिपबद्दल वापरणाऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचा, तेही सहा महिने वापरून झालेल्यांनी. पेटी उघडल्या दिवशीच्या कौतुकातून काही कळत नाही.

रिमोटची सोय असलेल्या ग्रिपमध्ये आणखी एक बघा: तिचा रिसीव्हर कॅमेरा बंद असतानाही बॅटरी खातो का? अशा गळतीने रात्रीत बॅटरी निम्मी उतरलेली मी पाहिली आहे.

घ्यायचीच ठरली तर परत करायची मुदत आहे अशाच ठिकाणाहून घ्या आणि मुदत संपायच्या आत या चाचण्या घरी करा. ग्रिप आवळून एका हाताने ती आणि दुसऱ्याने बॉडी धरा, हलका पीळ द्या आणि सांध्याकडे बघा. चिठ्ठीचा कागद कुठल्या बाजूने आत सरकतो का पाहा. एका बाजूने सहज आणि दुसरीकडून अजिबात नाही, असं झालं तर तळ समतल नाही. मग दोन्ही बॅटऱ्या घालून सर्वात वेगवान बर्स्ट चालू ठेवा आणि तेवढ्यात ग्रिपला तसाच पीळ द्या, ट्रेच्या दारावर बोटाने टिचक्या मारा. स्क्रीन एकदाही मिटता कामा नये. हीच चाचणी फक्त पहिल्या खणात बॅटरी ठेवून, मग फक्त दुसऱ्या खणात ठेवून करा. दोन बॅटऱ्या असताना एका खणाचा दोष दुसरा झाकतो, त्यामुळे ही पायरी टाळू नका. शेवटी दोन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज करा, कॅमेरा बंद करून ग्रिपसकट दोन दिवस ठेवा आणि मग मेनूमध्ये टक्केवारी बघा. एखाद टक्का इकडेतिकडे चालेल. दहा-पंधरा टक्के गेले असतील तर ग्रिप परत करा.

बटनांची चाचणी कामासारखी घ्या. उभ्या फ्रेममध्ये एखाद्या हलत्या माणसाचे सलग फोटो काढा आणि किती नको असलेले निघाले ते बघा. ट्रायपॉड वापरत असाल तर लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं चालू चित्र) मोठं करून लेन्सला हलकी टिचकी मारा. चित्र किती वेळ थरथरतं ते ग्रिपसकट आणि ग्रिपशिवाय ताडून पाहा, तुमच्या ट्रायपॉडवर किती फरक पडतो ते लगेच कळेल.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही रंगमंचावर पैसे घेऊन काम करता. नर्तकीची गिरकी कॅमेरा बंद पडला म्हणून पुन्हा होत नाही. तुमच्या कॅमेऱ्यात ग्रिप लागली की आतली बॅटरी शिल्लक राहत नाही. आणि तुम्ही दवात, पावसात बाहेरही जाता. या तीन गोष्टींमुळे मी तुम्हाला बीजी-आर१० कडेच ढकलेन. पण नवीच घ्या असं नाही. जुनी, चांगल्या अवस्थेतली कंपनीची ग्रिप हा पर्याय लोक विसरतात. हीच ग्रिप आर५, आर६ आणि आर६ मार्क २ या तिन्ही कॅमेऱ्यांना बसते, त्यामुळे बॉडी बदलणारे ती विकून टाकतात. पुढे तुम्हाला विकायची झाली तरी तिला गिऱ्हाईक मिळतं. थर्ड-पार्टी ग्रिपला जुन्या बाजारात जवळजवळ किंमत नसते, तेव्हा दोन्हींमधला खरा फरक विकत घेतानाच्या फरकापेक्षा कमी असतो.

जुनी घेताना ती हातात घेऊनच घ्या. रबर सुटलेलं किंवा चिकट झालेलं नाही ना, खांबाच्या टोकाच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट किंवा काळा डाग नाही ना, चाक शेवटपर्यंत न अडखळता फिरतं ना, आणि ट्रेचं दार खटकन बसतं ना, हे बघा. डीएसएलआरच्या जुन्या ग्रिप घेणाऱ्या इतर वाचकांसाठी सांगतो: त्यांच्यासोबत पेन्सिल सेलचा वेगळा ट्रे यायचा. त्यात विसरलेले सेल गळून स्प्रिंग खराब झालेल्या असतात, तो उघडून बघा. शिवाय ‘ओरिजिनल’ म्हणून नकलाही विकल्या जातात. अक्षरांची छपाई, रबराचा पोत आणि चाकाची आटी खऱ्या ग्रिपशी ताडून पाहता आली तर उत्तम. नव्या मालाची किंमत संशयास्पद कमी असेल तर सोडून द्या.

तेवढे पैसे आता जमत नसतील तर थर्ड-पार्टी घ्यायला हरकत नाही, पण काही बंधनं पाळून. बॅटऱ्या ओरिजिनल एलपी-ई६एनएच घाला. वरच्या चाचण्या करा आणि दर दोन-तीन महिन्यांनी खणांची चाचणी पुन्हा करा, कारण स्प्रिंग हळूहळू सैल होते. मऊ कोरड्या कापडाने संपर्क पुसत राहा. पैशाच्या कामाला जाताना एक चार्ज केलेली बॅटरी आणि कॅमेऱ्याचं दार खिशात असू द्या. कॅमेरा एकदा जरी विनाकारण बंद झाला तर पुन्हा वाट बघू नका: चाक सोडा, ग्रिप काढा, बॅटरी थेट कॅमेऱ्यात घाला, दार लावा आणि उरलेलं काम तसंच पूर्ण करा. ही अदलाबदल घरी अंधारात दोन-चार वेळा करून बघा, कारण प्रेक्षागृहात तुम्हाला ती अंधारातच करावी लागेल.

लेन्स कोणती लावता आणि पट्टा कुठे अडकवता ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. ७०-२०० मिमीची झूम किंवा त्याहून जड लेन्स ग्रिपच्या तळाला लटकवत असाल, तर वरची थर्ड-पार्टीची सवलत मागे घेतो. तेव्हा आधी पट्टा बदला, ग्रिपचं नंतर बघू.